डॅमेज खेळायचंय? मग आधी आपण मरतो कुठं ते बघ

गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री आमची कोल्हापूरची पाच जणांची टोळी ओव्हरवॉच ह्या ऑनलाइन गोळीबाराच्या गेमवर बसलेली, मी राजारामपुरीत, मावसभाऊ शिवाजी पेठेत, बहीण शेजारच्या खोलीत आणि बाकीचे दोघं शिरोलीकडं, आणि किंग्ज रो ह्या मॅपवर आम्ही मॅच हरलो. हरलो ते हरलो पण त्यानंतर जे भांडण लागलं ते पाऊण तास चाललं. मावसभावाचं म्हणणं, "माझं डॅमेज १४ हजार हाय, तुझं ७ हजार, मग हरलो कुणामुळं सांग की." बहीण सपोर्ट, म्हणजे दुसऱ्यांची हेल्थ भरणारी, खेळत होती, ती पलीकडनं ओरडली, "तुझ्या १४ हजारात मेलं कोण ते सांग आधी. मी हील द्यायला येतो तर तू कायम रस्त्याच्या मधोमध उभा." (होय, आमच्याकडं पोरीपण येतो-जातोच म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.) मी गप्प बसलो कारण मला वाटलं मी जिंकलो. नंतर कळलं की मी पण चुकलेलो, पण ते पुढं सांगतो.

त्या भांडणातनं एक गोष्ट डोक्यात बसली, की आपण सगळे डॅमेजचे हिरो, म्हणजे मारणारी पात्रं, आकड्यावर तोलतो, कोण भारी, कोण टॉप टियर, कुणाचा अल्टी (चार्ज झाल्यावर मिळणारी मोठी ताकद) खतरनाक, आणि त्याच्यावरनं निवडतो. ह्यानं काय होत नाही. हिरो हिरोत खरा फरक असतो तो मारण्यात कमी आणि परत येण्यात, म्हणजे मारून जिवंत निसटण्यात, जास्त. आता हे जरा इस्कटून सांगतो.

ज्यांनी गेम खेळलाच नाही त्यांच्यासाठी चार ओळी. ओव्हरवॉच आला मे २०१६ ला, तेव्हा सहा विरुद्ध सहा असायचं. ऑक्टोबर २०२२ ला ओव्हरवॉच २ फुकट आला आणि टीम पाचची झाली, एक टँक (पुढं उभा राहून मार झेलणारा), दोन डॅमेज, दोन सपोर्ट. म्हणजे डॅमेजवाले दोनच. त्यातला एक मेला की अर्धी मारायची ताकद गेली, आणि परत उठून, पळत येऊन फाइटला पोचेपर्यंत १५-२० सेकंद कुठंच गेली नाहीत. तेवढ्यात फाइट संपलेली असते.

आधी स्कोअरबोर्डचं भूत उतरव

समोरचा टँक ढाल घेऊन उभा हाय, तू त्याच्यावर मॅगझिन रिकामी करायलायस, आकडा वाढायलाय, छान वाटायलंय. पण त्याच्यामागं दोन सपोर्ट त्याला भरायलेत, आणि हील दिलं की त्यांचा अल्टी चार्ज होतो. म्हणजे तू तुझ्या पैशानं दुसऱ्याच्या पोराच्या वाढदिवसाचा केक आणलास. वर फेब्रुवारी २०२४ ला सीझन ९ मध्ये सगळ्याच हिरोंना थोडा वेळ मार बसला नाही की आपोआप हेल्थ भरायची सोय दिली, त्यामुळं एखाद्याला अर्धा करून सोडला तर तो भिंतीमागं जाऊन दम खाऊन परत येतो. अर्धवट मारलेल्याचा हिशोब शून्य.

त्याच सीझनला डॅमेज रोलला आणखी एक गोष्ट मिळाली, तू ज्याला मारतोस त्याला थोडा वेळ हील कमी लागतं. ह्याचा अर्थ काय, तर तुझ्या पार्टनरनं ज्याच्यावर गोळ्या चालवल्यात त्याच्यावरच तू पण चालव. दोघांनी वेगवेगळे दोन गडी अर्धे करण्यापेक्षा दोघांनी मिळून एक पाडला की समोर चारच उरतात. तिथनं पुढं सगळं सोपं. म्हणून मॅचनंतर टोटल डॅमेज बघायच्या आधी हे आठव, की प्रत्येक फाइटमध्ये पहिला कोण पडला, त्यांचा का आपला, आणि आपला असेल तर तो तूच होतास का.

तीन प्रश्न

कुठलाही डॅमेज हिरो हातात घेतलास की तीन गोष्टी विचार. हा कुठनं मारतो? कधी मारतो? आणि मारून झाल्यावर परत कसा येतो? पहिला सगळ्यांना कळतो, दुसरा रँक वाढली की कळतो, तिसरा बऱ्याच जणांना कधीच कळत नाही. टांगा पलटी घोडं फरार म्हणतात ना, त्यातलं टांगा पलटी करायला सगळे तयार असतात, घोडं फरार कसं करायचं ते कुणी ठरवून आलेलं नसतं.

सुरुवात सोल्जरनं कर, लाजू नको

आपल्याकडच्या पोरांना पहिल्या दिवशीच स्नायपर नाहीतर तलवार पाहिजे असते. तालमीत वस्ताद पोराला पहिल्या दिवशी धोबीपछाड शिकवतो का? जोर काढायला लावतो, बैठका मारायला लावतो, माती उकरायला लावतो. सोल्जर ७६ म्हणजे ते जोर-बैठकांचं काम हाय. हिटस्कॅन बंदूक, म्हणजे बटण दाबलं त्या क्षणाला क्रॉसहेअर (स्क्रीनच्या मधली नेमाची खूण) जिथं तिथं गोळी लागली, गोळी उडत जायची वाट बघायची नाही. वर पळायला स्प्रिंट, जखम झाली तर खाली टाकायला स्वतःचं हील फील्ड, आणि कुणाला संपवायला रॉकेट. सगळंच थोडं थोडं हाय, म्हणून चूक कुठं झाली ते लगेच दिसतं, हिरोवर ढकलता येत नाही.

त्याच्याकडनं शिकायची गोष्ट एकच, टँकच्या पाठीला चिकटून उभं राहायचं नाही. टँक मधनं चालला असेल तर तू बाजूला जा, जमलं तर जिना चढून वर जा, टँकपासनं १०-१५ पावलं लांब, पण सपोर्टच्या नजरेत. ह्याला ऑफ अँगल म्हणतात. शाहू स्टेडियमवर पेठांची मॅच बघितलीयस ना, विंगर लाईनला चिकटून उघडा उभा राहिला की डिफेंडरची मान कशी सारखी वळत राहते, बॉल बघू का ह्याला बघू. बॉल त्याच्याकडं आलाच पाहिजे असं नाही, त्यानं नुसतं उभं राहून एक माणूस अडकवलेला असतो. ऑफ अँगल तेच करतो. समोरच्यांनी तुझ्याकडं तोंड फिरवलं की तू भिंतीमागं सरक, गोळी मारलीच पाहिजे असं काय नाही, तेवढ्या दोन सेकंदात तुझा टँक मोकळा झाला. आणि त्यांनी तोंड फिरवलं नाही तर मग त्यांच्या कानशिलात गोळ्या. दोन्हीकडनं फायदा तुझाच. हे काम स्कोअरबोर्डवर कुठंच लिहून येत नाही आणि मॅच मात्र ह्याच्यावर फिरते.

सोल्जरचा तोटा पण सांगतो. लांब गेलास की गोळीचा जोर कमी होतो, आणि एका फटक्यात कुणी मरत नाही, क्रॉसहेअर माणसावर धरून ठेवावा लागतो, ज्याला ट्रॅकिंग म्हणतात. ज्याचा हात थरथरतो त्याला पहिले १५ दिवस राग येणार. येऊ दे.

कॅसिडी आणि अॅश ही एकाच घरातली दोन भावंडं समज, दोघंही हिटस्कॅन पण स्वभाव वेगळे. कॅसिडीकडं सहा गोळ्या, सावकाश आणि जड, कोलांटी मारली की बंदूक परत भरलेली. तो जवळच्या आणि मधल्या अंतराचा गडी. आपल्या सपोर्टच्या अंगावर सारखी कुणीतरी ट्रेसर नाहीतर गेंजी (मागनं येऊन मारणारे हिरो) येत असेल तर कॅसिडी घेऊन दोन पावलं मागं थांबायचं, राखणदारी करायची, आकडा कमी येईल पण बहिणीच्या शिव्या बंद होतील. अॅश उलटी, ती लांबनं. १२ गोळ्या, पण भरताना एक एक भरते, त्यामुळं भर फाइटमध्ये रिकामी झालास तर मेलास. डायनामाइट फेकायचं आणि हवेतच गोळी घालून उडवायचं हे जमलं की मजा हाय. जवळ कुणी आला तर कोच गनचा एक धक्का देऊन मागं उडायचं. तो धक्का आधीच वर चढायला वापरलास की परत यायचं तिकीट फाडलंस.

खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी

विडोमेकर. सगळ्यांना पाहिजे. पूर्ण चार्ज करून डोक्यात घातली की टँक सोडून बहुतेक कुणीही जाग्यावर पलटी, आणि पाच विरुद्ध चार फाइट सुरू व्हायच्या आधीच झाली, ह्याच्यापेक्षा मोठी गोष्ट ह्या गेममध्ये नाही. सर्किट रॉयलसारख्या लांब मोकळ्या मॅपवर चांगली विडो असेल तर समोरची टीम कोपऱ्याबाहेर नाक काढत नाही.

पण हिशोब उलटा पण करून बघ. विडो घेतलीस आणि कुणी पडलं नाही, तर तुझी टीम चार जणांनीच लढायली असं धर, कारण स्कोपमधनं बघताना तू कुणाचं लक्ष वेधत नाहीस, कुणाला अडवत नाहीस, पॉइंटवर, म्हणजे ताब्यात घ्यायच्या जागेवर, पाय ठेवत नाहीस. माझा नियम सरळ हाय, सलग तीन फाइटमध्ये तुझ्यामुळं पहिला माणूस पडला नाही तर हिरो बदल, इगो बाजूला ठेव. आणि एका खिडकीतनं एकच शॉट. लागो न लागो, जागा बदल, कारण समोरच्याला आता खिडकी माहीत झाली. ग्रॅपलिंग हुक वर चढायला वापरलास तर तो परत मिळेपर्यंत धीर धर, कारण खाली उतरायचा रस्ता पण तोच हाय.

हांझोचं वेगळं. त्याचा बाण प्रोजेक्टाइल, म्हणजे उडत जायला वेळ घेतो, त्यामुळं माणूस आत्ता कुठं हाय तिथं मारायचं नसतं, तो पुढच्या क्षणाला कुठं असेल तिथं मारायचं असतं. ज्यांना निशाणा बरा नाही पण माणसाची चाल ओळखता येते अशांनी हांझो करून बघावा. अरुंद बोळाच्या तोंडाशी डोक्याच्या उंचीवर बाण धरून थांबायचं, गिऱ्हाईक येतंच.

फ्लँकवाले

आता माझा आवडता आणि माझी इज्जत घालवणारा प्रकार. ट्रेसर, गेंजी, सोम्ब्रा, म्हणजे मागनं जाऊन सपोर्ट उचलणारे.

ह्यात ९० टक्के पोरं एकाच चुकीनं मरतात, लवकर जातात. मॅच सुरू झाली की बोळातनं पळत सुटायचं, समोरच्यांच्या मागं पोचायचं, आणि तिथं पाचही जण निवांत उभे असतात कारण आपला टँक अजून अर्ध्या वाटेत हाय. मग काय, एकटाच सापडला की पाच जणांनी मिळून कांडकी. फ्लँकवाल्यानं पोचायचं लवकर पण सुरू करायचं उशिरा. कोपऱ्यात गप्प बस, आपल्या टँकनं ढाल उचलली, उडी मारली, आवाज झाला, सगळ्यांची तोंडं तिकडं गेली, मनात एक-दोन म्हण, आणि मग जा. ते एक-दोन म्हणायला मला वर्ष लागलं.

ट्रेसरला तीन ब्लिंक, म्हणजे क्षणात पुढं सरकायच्या झेपा, असतात. एक आत जायला, एक चुकवायला, एक बाहेर पडायला. तिसरा ब्लिंक किल घ्यायला वापरायचा नाही म्हणजे नाही, समोरच्याची टिचभर हेल्थ राहिली असली तरी. रिकॉल तुला तीन सेकंद मागं नेतो, हेल्थसकट, पण लक्षात घे, तीन सेकंदांपूर्वी तू त्यांच्या घोळक्यात असलास तर परत घोळक्यातच पडशील. म्हणून चांगला ट्रेसरवाला सारखं डोक्यात ठेवतो की तीन सेकंदांपूर्वी मी कुठं होतो. अवघड वाटतं पण रंकाळ्याला फेरी मारताना चप्पल कुठं काढली ते जसं ध्यानात राहतं तसं सवयीनं राहतं. शिवाय हेल्थ पॅक कुठं कुठं हायत ते पाठ पाहिजेत, कारण तुझ्याकडं हील द्यायला कुणी येणार नाही.

गेंजी वेगळा. गेंजीचा डॅश, म्हणजे तलवारीची झेप, एखादा पडला की परत मिळतो. म्हणजे हा सुरुवात करणारा गडी नाही, हा शेवट करणारा गडी हाय. दुसऱ्यानं अर्धा केलेला माणूस शोध, डॅश मार, तो पडला की डॅश परत, त्याच्यावर पुढचा नाहीतर बाहेर. भरलेल्या हेल्थच्या माणसावर डॅश मारून आत गेलास तर बाहेर यायला काय उरलं? डिफ्लेक्ट, म्हणजे समोरच्या गोळ्या परतवणं. तो संपला की तू संपलास.

आणि दोघांनाही लागू असलेली गोष्ट, समोरच्या सपोर्टची बटणं, म्हणजे खास ताकदी, मोज. अॅनाचा झोपायचा डार्ट गेला का? किरिकोची क्षणभर मार लागू न देणारी सुझू गेली का? बॅप्टिस्टचं न मरू देणारं फील्ड गेलं का? गेलं असेल तर जा, नसेल तर आधी ते घालवायला नुसतं घाबरव, चार गोळ्या मार आणि पळ. मी एकदा गेंजीचा अल्टी, ड्रॅगनब्लेड तलवार, काढून इतक्या जोशात गेलो की किरिकोनं पहिल्याच वाराला सुझू टाकली, तिघंही जिवंत, आणि अॅनानं मला मधोमध झोपवलं. तलवार हातात घेऊन घोरत पडलेला गेंजी बघून बहीण आठवडाभर हसत होती.

सोम्ब्राबद्दल जास्त बोलत नाही. मला आवडत नाही, खेळणाऱ्याला मजा आणि बाकी नऊ जणांना ताप, आणि तिची बटणं इतक्या वेळा बदलल्यात की आज लिहिलेलं उद्या जुनं होईल.

जाळ आन् धूर संगटच

जंकरॅट. स्वतःच्या बॉम्बनं स्वतःला काय होत नाही, मेला तरी अंगातनं बॉम्ब सांडतात, आणि नीट नेम न धरता पण आकडा फुगतो. म्हणूनच तो फसवतो. उघड्या मैदानात आणि उडणाऱ्यांसमोर तो बिनकामाचा, पण समोरच्यांना एका दारातनं यावंच लागतंय असं असेल तर तो ते दार बंद करतो, त्याची किंमत तीच. आणि सापळा फाइटच्या मधोमध टाकू नको, तिथं सगळे खाली बघतात. आपल्या सपोर्टकडं यायच्या जिन्याच्या पायाशी टाक, फ्लँकवाला घाईत असतो, बरोबर पाय घालतो. सिमेट्राचे टरेट, टॉर्बियॉर्नचा टरेट, सगळं ह्याच घराण्यातलं, जागा अडवणारं, यंत्राला एका बाजूला लावून आपण दुसऱ्या बाजूनं मारायचं. एवढं पुरे.

रीपर आणि मे हे अंगाला अंग भिडवणारे. रीपरच्या शॉटगन जवळनंच चालतात, पण मारलेल्यातलं थोडं त्याला हेल्थ म्हणून परत मिळतं, त्यामुळं मोठ्या अंगाचा टँक म्हणजे त्याला पंगतच. पट काढायचा तर वाकून जवळ जावंच लागतं तसं हाय. रेथ फॉर्म, म्हणजे धूर होऊन निसटणं, हे फक्त परत यायला ठेव, जायला चालत जा, कोपऱ्या-कोपऱ्यानं. मे ची लोकं बर्फाची बंदूक बघतात, खरं हत्यार तिची भिंत. समोरचा टँक पुढं आला की त्याच्यामागं भिंत उभी कर, तो इकडं आणि त्याचे सपोर्ट तिकडं, मग त्याला कोण भरतंय बघू.

उडणारे, फारा आणि एको, त्यांना हवेत आडोसा नसतो हेच त्यांचं परत यायचं दुखणं. इमारतीच्या कडेकडेनं उड, आणि समोर दोन चांगले हिटस्कॅन असतील तर खाली उतरून हिरो बदल.

वहीचं काम

आता मुद्द्याची गोष्ट. तुला कुठली स्टाइल बसते हे तुला काय आवडतं त्यावरनं ठरव म्हणणारे चिक्कार भेटतील, मी म्हणतो तू कसा मरतोस त्यावरनं ठरव. एक साधी वही घे, शाळेची चालेल. एक हिरो ठरव, १० रँक्ड मॅच फक्त तोच, माऊसच्या सेन्सिटिव्हिटीला हात लावायचा नाही, कारण दररोज सेटिंग बदललंस तर चूक हाताची का डोक्याची ते कळणार नाही. मॅच संपल्या की त्याच दिवशी रिप्ले उघड, नवीन पॅच, म्हणजे गेमचा अपडेट, आला की जुने रिप्ले बघता येत नाहीत, माझे एकदा असेच सगळे गेले. रिप्लेत तुझे किल बघू नको, ते तोंडपाठ असतातच. फक्त मरणं बघ. प्रत्येक मरणाला चार गोष्टी लिही, कुठं मेलो, कुणी मारलं, कुठलं बटण शिल्लक होतं, आणि त्यावेळी माझी टीम कुठं होती. बास.

१० मॅच झाल्या की वाच. बहुतेक वेळा उघड्यावर, टँकच्या मागं-पुढं मेलेला असशील तर तुला आडोसा कळत नाही, फ्लँकच्या नादाला आत्ता लागू नको, सोल्जर नाहीतर अॅश धरून भिंतीशी दोस्ती कर. समोरच्यांच्या मागं एकटाच मेलास आणि परत यायची बटणं शिल्लक होती, तर तू घाबरतोस, हात थिजतो, अशांनी महिनाभर कॅसिडी खेळावा, त्याच्याकडं एकच कोलांटी हाय, ती कधी मारायची एवढंच ठरवायचं असतं, त्यातनं सवय लागते. तिथंच मेलास पण बटणं सगळी संपलेली, तर तू हावरट हायस, आणि हावरटाला फ्लँक जमू शकतो, फक्त एक किल सोडून द्यायला शिकलं पाहिजे. फाइट हरून गेल्यावर, टीमचे तीन जण पडल्यावर, एकटा लढत मेलेला असशील तर ते सगळ्यात वाईट, कारण तू उशिरा मेलास म्हणजे उशिरा परत येणार, आणि पुढची फाइट पण चार जणांवर सुरू होणार. ह्याला हिरो बदलून औषध नाही, पळायला शिकायचं.

आणि एक जात अशी की वहीत मरणंच कमी हायत आणि तरी मॅच हरायलाय. ती शाबासकी समजू नको. तू फार लांब उभा हायस. जवळचा हिरो घे, रीपर घे, मे घे, थोडा मर.

माझी वही काय म्हणाली सांगतो. मला वाटायचं मी गेंजीचा वाघ, आणि त्या किंग्ज रोच्या मॅचमध्ये माझ्या ७ हजारात दोन्ही सपोर्ट पडलेले म्हणून मी छाती फुगवून बसलेलो. रिप्ले बघितला तर निम्म्याहून जास्त फाइटमध्ये पहिला पडलेला मीच, आणि कितीतरी वेळा डिफ्लेक्ट शिल्लक. मावसभावाची वही तर वाचायलाच नको, सगळीकडं एकच शब्द, रस्ता. रस्ता, रस्ता, रस्ता. किंग्ज रोचा तो मोठा रस्ता त्यानं बापजाद्यांच्या सातबाऱ्यावर असल्यासारखा धरून ठेवलेला.

दोघांचं जमवायचं कसं

डॅमेज दोन असतात हे विसरून लोक आपापला आवडता घेतात. दोघंही फ्लँक, मग टँक एकटा मार खातो. दोघंही लांबचे, मग पॉइंटवर पाय कोण ठेवणार? तांबडा पण पाहिजे आणि पांढरा पण पाहिजे, दोन्ही वाट्या तांबड्याच्या घेतल्या की जेवण जात नाही. साधारण एक लांबनं आणि एक जवळनं ठेवायचं. टँक बघून घ्यायचं हे त्याच्यापुढचं, विन्स्टनसारखा उडी मारणारा टँक असेल तर ट्रेसर-गेंजी त्याच्याबरोबर एकाच वेळी पडले पाहिजेत, राइनहार्ट ढाल घेऊन चालत जाणारा, त्याच्याबरोबर रीपर-मे शोभतात, सिग्मा लांबनं खेळणारा, त्याला अॅश-हांझो बरे. पॅच आला की आकडे बदलतात, ही जोडणी सहसा बदलत नाही.

नेटचं पण बघ. वायफाय सोड, केबल टाक, पावसाळ्यात तर टाकच. ह्या गेममध्ये गोळी मारणाऱ्याच्या स्क्रीनवर जे दिसलं त्याला बहुतेकदा मान मिळतो, म्हणून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) जास्त असला तरी तुझ्या गोळ्या लागतात, पण चुकवायची वेळ आली की तू भिंतीमागं जाऊन पण मेलेला दिसतोस. म्हणजे जास्त पिंगला गेंजीचा डिफ्लेक्ट, ट्रेसरचा शेवटच्या क्षणाचा रिकॉल हे सगळं उशिरा पडतं. अशा रात्री अॅश नाहीतर सोल्जर, भिंतीला खांदा लावून.

दुसरा गेम खेळत असशील तरी तीन प्रश्न तेच. व्हॅलोरंट २०२० ला आला, त्याला मुंबईचा सर्व्हर हाय म्हणून आपल्याकडं बरा चालतो, तिथं १३ राउंड जिंकायचे आणि राउंडमध्ये मेलास की तो राउंड संपेपर्यंत बघत बसायचं, म्हणजे परत येण्याची किंमत आणखीच जास्त. तिथं जेट डॅश मारून निसटू शकते, किल मिळो न मिळो. रेनाला निसटायला आधी कुणीतरी पडावं लागतं. बघायला दोघी ड्यूएलिस्ट, म्हणजे तिथले मारणारे, पण एकीचं तिकीट खिशात आणि दुसरीचं समोरच्याच्या खिशात. लीग ऑफ लेजंड्सला मॅच जशी लांबते तसा मेल्यावर थांबायचा वेळ वाढत जातो, त्यामुळं सुरुवातीला चालून गेलेली हाव शेवटी मॅच घालवते.

आता आमची टीम सांगायची तर मी महिनाभर कॅसिडीवर हाय, बहिणीच्या मागं दोन पावलं, आणि मावसभाऊ किंग्ज रोला चक्क वरनं, बाजूनं खेळायला लागलाय. परवाच्या रविवारी हवानावर पहिला पॉइंट घेतला, दुसरा घेतला, त्याचं डॅमेज आमच्यात सगळ्यात कमी आणि बोलायला पण लागला नाही. वहीत त्या मॅचची त्याची तीनच मरणं. तिसरं असं लिहिलंय: कुठं, हवाना, शेवटचा पॉइंट. कुणी मारलं, कोपऱ्यावरचा डीपी. शिल्लक बटणं, सगळी. टीम कुठं होती, ग्रुपवर विचारत होती लाईट कुणाकुणाची गेली.